उंच टाचेचे बूट अन् पाटलाची गल्ली

लेकरू घेऊन मंडईले जाऊ नोको, असं मले पाच बायाईनं सांगितलं. मी गेली. आता तुमी कोनी जानार असाल तर रस्ता सांगते, खानंपिनं सांगते, अन् तिथी काय झालं तेबी सांगते. ते सांगतल्याबिगर माह्या पोटातला जाळ बसत नाई.

जायाचं कारन म्हंजे बूट. यमुनेचे बाबा, म्हंजे माहे मालक, आमच्या गावच्या दंडारीत राजा होतात. दंडार म्हंजे गान्यानाचाचं नाटक. दिवाळी झाली का गावोगाव मंडई, म्हंजे जत्रा, भरते, तिथी भरदुपारी होते. यमुनेचे बाबा अंगानं बुटके. अन् त्यायची राणी होते गोविंदाभाऊ, दारातून वाकून निंघनारा गडी. मागच्या साली राणी पाया पडाले वाकली तरी डोस्कं राजाच्या छातीले लागे. लोक इतके हासले का राजाचं रडायचं गानं कोनी ऐकलंच नाई. म्हून यंदा चांद्याच्या मोचीचाचाकडून बूट करून घेतले. लाल कातडं, गुडघ्यापावतर, टाच चांगली चार बोटं उंच.

चाचा म्हने, "बेटा, चमडा कडक है. चार दिन पैर में डाल के घूम, नहीं तो स्टेज पे मुँह के बल गिरेगा."

तवा यमुनेच्या बाबानं ते बूट चांद्यातूनच पायात घातले. माह्या पोटात तवापासून दोन भेव बसले. एक म्हंजे हे पडतील, पाय मोडन, अन् धान कापाले कोनी राहनार नाई. दुसरं भेव माह्या भावाचं. त्यानं स्वताच्या लग्नात वहाना घालून मोठ्या लोकायच्या घरापुढून वरात नेली होती. त्याले असं मारलं का त्याचा एक कान अजून ऐकत नाई. आमच्या जातीच्या मानसानं तिथून अनवानी जावं, असा त्यायचा नियम. म्हून म्या म्हटलं, मी संगं येते. एकट्याले जाऊ देत नाई.

चांद्यावरून मूल गावची मोटार सकाळी निंघते. मागं बसाल तर लाल माती खाल, म्हून तोंडाले पदर बांधा. तिकीट आन्यातच हाये, मांडीवरच्या लेकराले मागत नाईत. रस्ताभर जंगल. कंडक्टरनं बूट पाह्यले अन् इचारलं, "काय गा, घोडा कुठी बांधला?"

मागून एक म्हातारी बोलली, "बायकोचे घालून आला वाट्टे, बाप्पा."

गोविंदाभाऊ उठला, त्याचं डोस्कं टपाले लागलं. "बायको मी व्हय, बाई. माह्या नवऱ्याले बोलाचं काम नाई."

सारी मोटार हासली. मीबी हासली. त्या हासन्याचा मले राग नाई. ते आपल्या मानसायचं हासनं होतं.

मूलवरून सावली गाव, सावलीवरून वैनगंगेचा घाट. नदी डोंग्यातून पार करा लागते. यमुनेले म्या पोटाशी पदरानं बांधून घेतलं, अन् डोये मिटून घेतले. डोंगेवाला यमुनेच्या बाबाले म्हने, "राजेसाहेब, टाचा वर धरून बसा. डोंग्याच्या बुडाले भोक पडलं तर मी पोहीन, तुमी पोहान का?" पलीकडं गेल्यावर गडचिरोलीच्या बजारात लाखोरीच्या दाळीचे गरम वडे घेतले. तुमीबी घ्या, पन दुकानदाराचं पानी पिऊ नोका, आपल्या जातीले तो वरूनच ओततो; आपला लोटा संगं ठेवा. तिथून तीन कोस बैलबंडी. बंडीवाल्याले तनीस, म्हंजे धानाचं वाळलं गवत, टाकाले सांगा, नाईतर कंबर राहत नाई. उजेड असतानीच निंघा. त्या रस्त्याले वाघ हाये म्हनतात. आमाले दिसला नाई. जो दिसला तो दुसऱ्या दिवशी दिसला.

रात आमच्या सोयऱ्यायच्या मोहल्ल्यात काढली. सकाळी मंडईच्या मैदानाकडं निंघालो. रस्ता एकच, पाटलाच्या घरापुढून. पाटील ओट्यावर बसून दातून करून राह्यला होता.

"काय बे, कुठचा राजा?" तो म्हने. "जोडे काढ."

"पाटील, नाटकाचे हायेत," यमुनेचे बाबा बोलले. "पायात नरम करून राह्यलो."

"नाटक मैदानात हाये. हे माह्यं घर व्हय."

यमुनेच्या बाबानं माह्याकडं पाह्यलं. मले माह्या भावाचा कान दिसला. म्या म्हटलं, "काढा."

म्याच म्हटलं. पाटलानं दुसऱ्यांदा सांगाच्या आंधी मी बोलली. त्यायनं मातीत बसून बूट ओढून काढले, हातात धरले. तर पाटलाचा गडी म्हने, "हातात नाई. डोक्यावर." ज्या डोक्यावर दुपारी मुकुट ठेवाचा, त्या डोक्यावर बूट ठेवून मानूस गल्ली पार झाला. चांद्याच्या सभेत सांगतात का आता कायदा झाला, कोनाले रस्ता बंद नाई. कायदा वैनगंगेपावतर आला असन. डोंग्यात बसाले भेला वाट्टे.

मंडई मात्र पाहाची तर पाहा. बांगड्या, मुरमुरे, रेवड्या, मातीचे बैल, पाळना. मी काई घेतलं नाई. माह्यं ध्यान फळ्यायच्या स्टेजवर. पयले खुद्द पाटील वर चढला अन् त्यानं राजाले कुकू लावलं. तिथला रिवाज हाये: यजमानाचं कुकू लागलं का स्टेजवरून उतरंपावतर तो खरा राजा, मंग त्याले जात इचारत नाईत.

यमुनेचे बाबा चालू लागले तर फळ्या टाक टाक वाजल्या. राणी पाया पडाले वाकली, अन् यंदा राणीचं डोस्कं राजाच्या छातीखाली गेलं. कोनी हासलं नाई. रडायच्या गान्याले माह्या बाजूची बाई पदर तोंडात घालून रडत होती. ते एकदाबी अडखळले नाईत. माह्यं पयलं भेव तिथी उतरलं.

नाटक संपलं का तिथल्या बाया आपापली तान्ही लेकरं राजाच्या पायावर घालतात. त्यानं लेकराचं दचकनं जाते म्हनतात. ओळीत पयली कोन होती, तर पाटलाची सून. तिनं आपला पोरगा, पाटलाचा नातू, त्या लाल बुटावर आडवा ठेवला. पोरगं कातड्याले गाल लावून पडलं. मांगं पाटील टोपी हातात घेऊन उभा. यमुनेच्या बाबानं लेकराच्या डोक्यावर हात ठेवला, राजानं म्हनाचं असते तसं म्हटलं, "भेव नोको, बाळा."

सकाळी ते बूट त्याच्या गल्लीतली माती बाटवत होते. दुपारी त्याच बुटावर त्याचा वंश झोपला. मले अजून कोनी समजावून सांगा, हे कसं होते. म्या लय बायाईले इचारलं. साऱ्या म्हनतात, "रिवाज हाये वं."

दिवस असतानीच परत निंघालो. गल्लीच्या तोंडाशी आलो. पाटील ओट्यावरच, मांडीवर नातू. यमुनेच्या बाबाच्या कपाळाले कुकू अजून होतं, पन राजा उतरला होता. पाटलानं नुसतं बुटाकडं बोट खाली केलं. पोरगं बूट पाहून हात पसरून राह्यलं होतं.

यमुनेचे बाबा वाकाले लागले. मले 'काढा' म्हनता आलं नाई. 'घालून चला' म्हनाचं होतं, तेबी तोंडातून निंघालं नाई. म्या त्यायचा हात धरला अन् म्हटलं, "धुऱ्यावरून चला."

धुऱ्यावरून म्हंजे धानाच्या बांध्यातून, एक कोस फेरा. गोविंदाभाऊ अन् दंडारीचे सारे आमच्या मांगं वळले. मांगून पाटलाची हाक आली, कोनी पलटलं नाई. ओल्या मातीत टाचा रुतत, दोघं ओढत, तरी त्यायनं बूट काढले नाई. "राणीच्या खांद्यावर हात ठेव राजा," गोविंदाभाऊ बोलला, "अदिक कामाले कवा येनार मी?"

घरी येऊन पंधरा दिवस झाले. टोरीचं, म्हंजे मोहाच्या बियाचं, तेल लावून लावून कातडं नरम केलं. यमुना उभं राहाले शिकून राह्यली, भिंतीले टेकवलेले बूट धरून उठते. काल त्या गावचा मानूस सांगावा घेऊन आला: फुडच्या मंडईले राजा हाच पाहिजे, तिथल्या बाया मागून राह्यल्या.

यमुनेचे बाबा माह्याकडं पाहाले लागले, त्या दिवशी गल्लीत पाह्यलं तसेच.

म्या त्या मानसाले म्हटलं, "पाटलाले सांगजो भाऊ. राजा पाहिजे तर बुटासंगट पाहिजे. घरून निंघतानी घालतीन, घरी आल्यावर काढतीन. मंधात कुठीच नाई."

अजून जवाब आला नाई. आला अन् बोलावलं, तर मी जाईन, यमुनेलेबी नेईन. तुमाले यायाचं असन तर लोटा संगं घ्या, अन् पायात काई ना काई घालून या.