धारच्या मुलांना दाखवलेलं रिकामं अंगण

मी लेखक नाही. शाळा सगळी हिंदीत झाली, सलग पानभर मराठी लिहायची ही पहिलीच वेळ. चुका होतील, त्या सांभाळून घ्याव्यात. मी हे लिहावं की नाही, याचीही खात्री नाही. पण मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितो.

आम्ही देवासचे. बाबा कारखान्यात नोकरीला, आणि घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे एका दिग्दर्शकाचे सिनेमे पाहिले आणि मग दुसरं काही सुचेना. घरी कुणाशी बोलणार? आईने विचारलं, "गाणी नाहीत, मारामारी नाही, मग असतं काय त्यात?" वाटलं, मुलांना तरी दाखवावं. मोठ्यांसारखं त्यांचं सगळं ठरलेलं नसतं.

धारला मावशी राहते. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दुपारी मुलांचा कार्यक्रम असतो. तिने शब्द टाकला. मंडळाचे सचिव निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना काका म्हणतात. ते म्हणाले, "हे पहा, मुलं बसली तर दर महिन्याला एक रविवार तुम्हाला देऊ. उठून गेली तर पुढल्या वर्षी जादूगार. आणि बोलायचं मराठीत."

तो दर महिन्याचा रविवार मला हवाच होता. मी भाषण लिहून पाठ केलं. लहानपणी लांबलेल्या आजारपणात हा दिग्दर्शक खिडकीशी पडून असे आणि समोरचं अंगण बघत राही. तेच बघणं पुढे त्याच्या सिनेमात आलं, असं सांगायचं होतं. पण मी 'अंतर्मुख' म्हणालो आणि पुढच्या रांगेतली मुलगी शेजारणीला म्हणाली, "क्या बोल रहे भिया?" इकडे भैयाला भिया म्हणतात. मी घाबरून हिंदीत गेलो. काका खाकरले. मी परत मराठीत आलो. शेवटी सिनेमाच लावला.

मंडळाचा लॅपटॉप बाहेरच्या माणसाच्या हाती द्यायचा नाही, असा तिथला नियम. त्यामुळे लॅपटॉपपाशी काका बसले. सिनेमात एका रिकाम्या अंगणाचा शॉट आहे. खूप लांब. माणूस नाही, आवाज नाही, भिंतीची सावली तेवढी हळूहळू एका बादलीकडे सरकते. मी काकांना आधी सांगायला हवं होतं. सुचलंच नाही.

"अडकलं वाटतं," काका म्हणाले आणि त्यांनी सिनेमा पुढे ढकलला.

"काका, पीछे करो ना," एक मुलगा ओरडला. "सावली बादलीपर्यंत आली होती."

"अरे, काही घडतच नव्हतं."

"आ रही थी ना काका."

"तू बस सावली देखत," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मुलं हसली. तिघं-चौघं उठून प्रसादाच्या ताटाकडे गेली. बाकीची मागे न्या म्हणून अडून बसली. काकांनी मागे नेलं, ते फारच मागे गेलं. तेवढ्यात आरतीची वेळ झाली. सिनेमा अर्धाच राहिला. जाताना काका एवढंच म्हणाले, "कमिटीत बोलून कळवतो."

मुलं बसली म्हणायची की उठली? बसमध्ये हेच मोजत देवासला आलो. दिवस जात राहिले. वर्गात फोन बाकाखाली धरून बघायचो. काकांना फोन करावा, तर आगाऊपणा वाटेल. मावशीला दोनदा केला, ती म्हणाली, "अरे, कमिटी आहे ती, बसली की सांगते." बाबा ड्यूटीवर निघताना म्हणाले, "त्या फोनला जरा श्वास घेऊ दे."

काल दुपारी मावशीचाच फोन आला. एक रविवार मिळाला आहे, उरलेला सिनेमा दाखवायला. पुढे काय होतं, म्हणून दोन-तीन मुलांनी घरी पिच्छा पुरवला होता. दर महिन्याचा विषय कमिटीत निघालाच नाही.