उंबऱ्याबाहेरचे बूट

शनिवारी दुपारी सिनेमा कुठला लावायचा हे ठरवायचा हक्क आमच्याकडे ह्यांचा. त्या दिवशी ह्यांनी मारामारीचाच लावला. परदेशातलं जुनं शहर, बोटींतून उतरणारी उपाशी माणसं, आणि धक्क्यावर कुऱ्हाडी घेऊन उभी असलेली तिथली आधीची माणसं. मी मटार सोलत बघत होते आणि मधूनमधून "बदला हो" म्हणत होते. "अगं, फार जुन्या काळातलं आहे," हे म्हणाले. रक्त जुनं असलं की ह्यांना चालतं.

आम्ही नाशिकच्या अंबडला राहतो. वरच्या खोलीत तेव्हा बिहारची तीन मुलं भाड्याने होती, तिघंही जवळच्याच कारखान्यात. शनिवारी त्यांना सुट्टी. आदल्या संध्याकाळी चौकात पाणीपुरीच्या गाडीवर भांडण होऊन गल्लीतल्या एकाचं डोकं फुटलं होतं. फोडणारा बाहेरचा होता, एवढंच सगळ्यांना कळलं होतं. नेमका कोण, हे विचारायची कुणाला गरजही वाटली नव्हती.

सिनेमा अर्धा झाला असेल. तिघं जिन्यावरून धडधडत खाली आले. "आंटी, वो लोग इधर ही आ रहे हैं!" तोंडं पांढरीफटक. मी दार उघडलं आणि माझ्या तोंडून काय निघावं? "जूते बाहर!" जन्माची सवय, दुसरं काय. आणि जीव मुठीत धरून पळत आलेल्या त्या वेड्यांनीही वाकून नाड्या सोडल्या. कंपनीचे जाडजूड काळे बूट, सुट्टीलाही तेच. त्यांना मी आतल्या खोलीत ढकललं, कडी घातली, आणि मग लक्षात आलं की बूट बाहेरच राहिलेत. उचलायला वळले तोवर फाटक वाजलं.

बरीच पोरं होती. बाकीची फाटकाशी थांबली, आत एकटाच आला. तीन घरं सोडून राहणारा, लहानपणी माझ्या हातची थालीपिठं मागून खाणारा. हातात लोखंडी सळई. दारात त्याने चपला काढल्या, पायाने नीट बाजूला सरकवल्या आणि मग आत आला. सळईपेक्षा मला त्या चपला काढण्याचीच जास्त भीती वाटली.

"काकू, वरचे भय्ये कुठेत?"

"गावाला गेले."

त्याने टीव्हीकडे पाहिलं. "लय भारी पिक्चर आहे हा. शेवट चुकवू नका." आणि उभ्याउभ्या बघतच राहिला. आतून कुणाला साधा खोकला आला असता तर? ह्यांनी रिमोटने आवाज वाढवला. मला देवाचं नावसुद्धा आठवेना.

शेवटी तो वळला. चपला घालताना त्याने बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उद्या हे इथे दिसायला नकोत, काकू," हळूच म्हणाला. मग फाटकाकडे तोंड करून ओरडला, "नाय रे, कोणी नाय इथं!"

पहाटेच हे त्यांना रिक्षाने नाशिकरोड स्टेशनवर सोडून आले. शेगडी, भांडी, गाद्या, सगळं वरच राहिलं. त्यांचा फोन लागायचाही बंद झाला. पोचले असतील, असं आम्ही एकमेकांना सांगतो.

आठवड्याने तो पुन्हा आला. सोफ्यावर बसला, पाणी प्यायला.

"काकू, वरची खोली रिकामीच आहे ना? माझ्या मावसभावाला द्या की. विंचूरहून येतोय, कंपनीत लागलाय. इथं कोणी ओळखीचं नाय हो त्याच्या. जरा घाबरट आहे, सांभाळून घ्या."

मी हो म्हणाले. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.