न करमण्यावरची गोळी

बाजारामागच्या गल्लीत दोघी बहिणींचं शिवणकामाचं दुकान होतं. थोरली कापायची, धाकटी शिवायची. थोरलीला सगळे ताई म्हणत, आणि धाकटी केस पिकले तरी धाकटीच राहिली. आईवडील गेल्यापासून दोघी एकमेकींच्या आधारानं राहत होत्या. मग पन्नाशीला टेकलेल्या ताईला एक अबोल, भला घड्याळजी भेटला, आणि ती लग्न करून त्याच्या गावी गेली. लग्नातले कपडे धाकटीनंच शिवले. ताईचं भलं झालं याचा तिला मनापासून आनंद होता.

पण त्यानंतर दुकान तिला खायला उठायचं. बोलता बोलता ती कापायच्या टेबलाकडे वळायची आणि तिथे कुणीच नसायचं.

हळूहळू ती मंदावत गेली. सकाळी अंथरुणातून उठवेना. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून मशीनवर बसायची. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, कंगव्यात केसांचा पुंजका. एकदा तर तिनं शाळेच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या.

"दोन डाव्या हातांचं पोर कुठून आणणार आता?" शेजारचा चष्मेवाला म्हणाला. ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

ताईची आठवण खातेय हिला, असं गल्लीनं निदान करून टाकलं. धाकटीलाही ते पटलं. एवढी माया होती, तर एवढं दुखणारच. म्हणून तिनं सगळं अंगावर काढलं.

लेकीच्या गणवेशाचं माप द्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तो घोगरा आवाज ऐकला, स्वेटर पाहिला आणि तिला रक्त तपासायला लावलं. रिपोर्टमध्ये टीएसएच चौतीस आला.

"साधारण चारच्या आत हवा," बाई म्हणाल्या.

"म्हणजे माझं थायरॉइड जास्त झालंय?"

"उलट, कमी पडतंय. गळ्यातली ग्रंथी हार्मोन पुरेसं बनवत नाहीये. टीएसएच ही मेंदूकडून तिला दिलेली हाक समजा. ती काम करेना, की हाक मोठी होत जाते. गोळीतून तेच हार्मोन मिळालं, की हाक आपोआप उतरेल."

उत्तर येत नाही म्हणून मोठी होत जाणारी हाक कशी असते, हे धाकटीला समजावून सांगावं लागलं नाही.

"गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा नंतर, तासाभरानं. कॅल्शियमची गोळी असेल तर दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर ठेवा. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू."

गोळी लागू पडली. स्वेटर कपाटात गेला, हात पूर्वीसारखा चालू लागला, पुढच्या रिपोर्टात आकडाही जागेवर आला. पण संध्याकाळी दुकानाला कुलूप लावताना ती अजूनही ताई बाहेर यायची वाट बघत थांबायची. आधी थकव्याच्या गुंगीत ते दुःख बोथट असायचं, आता लख्ख जाणवायचं. तिला वाटलं, गोळी कमी पडतेय. कुणाला न विचारता ती दोन-दोन घेऊ लागली.

थोड्याच आठवड्यांत छाती धडधडायला लागली. झोप उडाली, हात थरथरू लागले, आणि एका दुपारी मशीनची सुई बोटात घुसली. बोटाला पट्टी बांधून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. या वेळी टीएसएच पार शून्याला टेकला होता.

"आकडा इतका खाली गेला म्हणजे हार्मोन जास्त होतंय. हृदयाला त्रास होतो यानं. डोस का वाढवलात?"

धाकटीनं बोटावरच्या पट्टीचं टोक नीट केलं. "करमत नव्हतं."

बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "थायरॉइड कमी असलं की मनही खचतं, म्हणून आकडा आधी नीट करायचा असतो. तो झाला होता. उरलं ते गोळीच्या हातातलं नाही. ताईंशी बोललात का?"

"ती सुखात आहे. कशाला तिच्या जिवाला घोर?"

पण रविवारी ताईचा फोन आला तेव्हा, "बरी आहे," म्हणून झाल्यावर तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही गं. मला तुझ्याशिवाय करमत नाही."



"मला वाटलं, तुला माझ्यावाचून राहायची सवय झाली," ताई म्हणाली. "मग मीही गप्प बसले. इथं घरभर घड्याळं टिकटिकतात, पण तुझ्या मशीनचा आवाज नाही."

ताई कायमची परत आली नाही. तिचा संसार तिकडे होता, आणि भावोजी खरंच भला माणूस होता. पण महिन्याभरात ती आठवडाभर राहायला आली. दोघी दिवसभर दुकानात बसल्या. बोलल्या थोडं, भांडल्या बऱ्यापैकी. धाकटी पुन्हा रोज एकच गोळी घेऊ लागली होती. आकडा सावकाश ठिकाणावर आला आणि पुढे तिथेच राहिला. आठवण मात्र येतच राहिली. आता ती आठवणीला आजार समजत नव्हती.

ताईची बस वळणाआड गेल्यावर धाकटी स्टँडवरच पोटभर रडली. मग तिनं तोंड धुतलं, दुकान उघडलं आणि पडद्यांचं कापड टेबलावर पसरलं.