बाई, मी आले हं!

भाचीची, सईची, विसरलेली पाण्याची बाटली द्यायला मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले आणि वर्गाच्या खिडकीशीच थांबले. बाई फळ्यावर लिहीत होत्या. तेवढ्यात सई उठली. "बाई, शू लागलीय, मी आले हं!" बाईंनी मान हलवायच्या आत ती दाराबाहेर होती.

गेल्या वर्षी ती माझ्याच जुन्या इंग्रजी शाळेत होती. तिथे बाहेर जायची परवानगी इंग्रजीतच मागावी लागते. ते वाक्य सईला जमायचं नाही. ती ओल्या फ्रॉकने घरी यायची, हळूहळू घरीही गप्प राहू लागली. दादाने शाळा बदलली तेव्हा आई म्हणाली, "पोरीचं वाटोळं करशील." मला माझा पहिलीतला ओला बाक आठवत होता. ते वाक्य मला पाठ होतं, पण उठायचं धैर्य नव्हतं. शाळा निवडताना आपण इमारत बघतो, बस बघतो. मूल तिथे न घाबरता उठेल का, हे कोण बघतं?

सई उड्या मारत परतली आणि मला पाहून ओरडली, "बाई, ही माझी आत्या!"

सगळा वर्ग वळला. एरवी मी पळ काढला असता. आज बाटली उंच धरून मीही तितक्याच मोठ्याने म्हणाले, "हो, मी सईची आत्या!"