गुळवेलीचा काढा आणि आत्याबाईंचं रक्त

मलेरियाचे जंतू प्रयोगशाळेत जिवंत ठेवायचे तर त्यांना माणसाचं रक्त लागतं. ते तांबड्या पेशीत शिरतात, तिथंच वाढतात. आमच्या कॉलेजात मी गुळवेलीवर काम सुरू केलं, तेव्हा नेमानं रक्त देणाऱ्या ओ गटाच्या बाईंची बदली झाली आणि मी अडले. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी जेवताना सहज हा विषय निघाला.

"माझं घे की," सासूबाई म्हणाल्या. "माझा गट ओच हाय. यांच्या ऑपरेशनला दिलं होतं."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या फुलंब्रीजवळच्या गावात शेतावर राहतात आणि डोळे दाखवायला म्हणून शहरात आल्या होत्या. साठीच्या उंबऱ्यावरची बाई, मी का-कू केली. पण तपासण्या केल्या तर त्यांचं हिमोग्लोबिन माझ्यापेक्षा जास्त निघालं. त्यावरून मला घरात बरेच दिवस ऐकून घ्यावं लागलं.

रक्त देऊन झाल्यावर त्यांना प्रयोगशाळा बघायची होती. जंतूंना कमी प्राणवायू लागतो, म्हणून आम्ही त्यांच्या बशा काचेच्या मोठ्या भांड्यात ठेवतो, आत मेणबत्ती पेटवतो आणि झाकण लावतो. मेणबत्ती विझली की भांडं उबेच्या कपाटात जातं. जंतूंचं पोषक पाणी रोज बदलावं लागतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही मी जाऊन आले होते.

"माय! देवावानी करतीस की त्यांचं," आत्याबाई हसल्या.

पुढच्या खेपेला आल्या तेव्हा त्यांच्याच रक्तात वाढलेले जंतू मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून दाखवले. डोळा लावून त्या बराच वेळ वाकून राहिल्या.

"जांभळ्या अंगठ्या दिसतात का?"

"दिसल्या. खड्याच्या अंगठीवानी." मग म्हणाल्या, "एवढंसंच व्हय?"

परतताना रिक्षात, क्रांती चौक मागे पडल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या. लहानपणी त्यांना आणि त्यांच्या पाठच्या भावाला एकदमच हिवताप आला. दवाखाना लांब. आईनं दोघांना गुळवेलीचा काढा दिला. त्या उठून बसल्या, भाऊ गेला.

"तो काढा थुंकायचा. लई कडू लागायचा त्याला. आई मरेपर्यंत म्हणायची, मी नाक दाबून पाजलं असतं तर लेकरू वाचलं असतं."

गुळवेल मी निवडली होती ती पुस्तकांतून आणि इकडच्या वैद्यांकडून ऐकून. ती कोणाच्या घरात अशी अडकून बसली असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

प्रयोगासाठी वेल त्यांच्याच बांधावरच्या कडुलिंबावरून आली. त्यांनीच कोयत्यानं तोडून दिली. एक काढा केला घरच्यासारखा, पाण्यात उकळून. दुसरा अर्क अल्कोहोलमध्ये काढला. काही बशांत नुसतं पाणी, काहींत मलेरियाचं नेहमीचं औषध.

औषधाच्या बशीत जंतू उरले नाहीत. पाण्याच्या काढ्यात मात्र अंगठ्याच अंगठ्या, नुसतं पाणी घातलेल्या बशीइतक्याच. पुन्हा केलं, तेच आलं. अल्कोहोलच्या अर्कानं जंतू कमी झाले. मला दोन दिवस फार आनंद झाला. मग तोच अर्क तेवढ्याच प्रमाणात माणसाच्या दुसऱ्या पेशींवर घालून पाहिला, तर त्याही मेल्या. म्हणजे जंतूंना मारायला निघालो तर माणूसही हाती लागायचा नाही.

माझ्या मार्गदर्शकांनी शांतपणे सांगितलं, असंच असतं, आलं ते लिहून टाका. लिहायचं मला काही वाटत नव्हतं. आत्याबाईंना कसं सांगायचं, हे कळत नव्हतं. आपल्याला काढ्यानं वाचवलं असं त्या जन्मभर मानत आल्या होत्या. त्यांच्या आईची तेवढीच पुण्याई माझ्या बशीनं पुसून टाकायची?

रविवारी गावी गेले. त्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मीही एक मूठ घेऊन बसले आणि सांगून टाकलं.

"म्हणजे पाण्याच्या काढ्यानं कायच होत नाय?"

"आमच्या बशीत तरी नाही झालं. माणसाच्या अंगात काय होतं ते बशीवरून पक्कं सांगता येत नाही, आत्याबाई."

"ते राहू दे. काढा पोटात गेला असता, तरी तो वाचला असता असं नाय ना?"

"काढ्यानं वाचला असता असं मला तरी वाटत नाही."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं, दुखावल्या. पण त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मग आईची काय चूक नव्हती."

काम फुकट गेलं असं गेले काही आठवडे मी मनात घोकत होते.

त्या उठल्या, आतून मोबाइल आणला आणि माझ्यापुढं धरला. "जालन्याच्या अक्काला लावून दे." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिकडून आवाज आल्यावर त्यांनी तब्येत विचारली नाही, पाऊसपाणी विचारलं नाही.

"अक्का, ऐक. आपल्या आईचं सांगायचंय," त्या म्हणाल्या, आणि फोन कानाला घट्ट दाबून बांधाच्या दिशेनं चालू लागल्या.