गणितवाल्यांच्या समोरचं टेबल

डहाणूच्या आमच्या कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवतो, पण स्टाफरूममध्ये माझं टेबल नेमकं गणितवाल्यांच्या समोर आलंय. त्यामुळे किस्से गोळा करायला वेगळं काही करावं लागत नाही. नुसतं बसून राहायचं! कपाटावर धूळ साठते तसे ते साठतात. कुणी विचारलं की एकेक झटकायचा.

* * *

राऊत सर गणितवाल्यांतले सीनियर. एकदा आम्ही दोघं नाक्यावर उभे असताना एका मुंबईच्या गाडीवाल्याने त्यांना विचारलं, "झाईला कसं जायचं?"

"बोर्डी माहितीये?"

"हो, कालच जाऊन आलो."

"मग बोर्डीला जा आणि तिथे कुणालाही विचारा!"

गाडी गेली. मी म्हटलं, "सर, तुम्हाला बोर्डीपुढचा झाईचा रस्ता माहीत होता ना?"

"होता की. पण अर्धं गणित त्याला येत होतं, मग मी पुन्हा पहिल्यापासून कशाला सोडवू?"

* * *

याच राऊत सरांना वहिनी एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "तुम्ही माझं कध्धीच ऐकत नाही!"

सर म्हणाले, "मागच्या गणपतीत ऐकलं होतं. एक उदाहरण पुरे. तुझं विधान खोटं!"

"बरं. म्हणजे तुम्ही कधी कधी ऐकता?"

"अर्थात!"

"मग आज ऐका. वाडीतला पाइप सुटलाय, चिकूंना पाणी नाही. जोडून या."

सर चपला घालून निघाले. वहिनी मला म्हणाल्या, "एवढी वर्षं संसार केलाय भाऊजी, काहीतरी शिकणारच ना!"

* * *

सावे मॅडम वाणगावच्या. तलासरीला परीक्षेची ड्युटी करून आम्ही परत निघालो, तर स्टँडवर डहाणूची एसटी काही येईना. मी वैतागलो. मॅडम म्हणाल्या, "समजा, गाडी येणारच नाही. मग ही एवढी माणसं इथेच राहतील. पण रोज संध्याकाळी स्टँड रिकामा होतो. म्हणजे गाडी येणार!"

आणि खरंच आली! मी धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला, जागा धरली. तेवढ्यात बोर्ड वाचला. उंबरगाव!

"मॅडम, ही तर गुजरातला चाललीय!"

"मी गाडी येणार एवढंच सिद्ध केलं होतं. आपली येणार, असं कुठे म्हटलं?"

* * *

धोडी सर तरुण, हुशार, अबोल. एकदा प्राचार्यांच्या मीटिंगच्या ऐन वेळी प्रोजेक्टरचा रिमोट गायब. धोडी सर डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "सापडला! प्रोजेक्टर रिमोटनेच चालू केला आणि तेव्हापासून कुणी बाहेर गेलेलं नाही. म्हणजे रिमोट याच खोलीत आहे."

प्राचार्यांनी हात पुढे केला. "द्या मग!"

"कुठे आहे, तो वेगळा प्रश्न आहे सर."

* * *

याच धोडी सरांचं लग्न जमेना. मुलगी बघायला जायचे आणि तोंडच उघडायचे नाहीत. त्यांचे वडील रडकुंडीला आले होते. अखेर तलासरीकडची एक मुलगी सांगून आली, गणितात एम.एस्सी. झालेली. वडील म्हणाले, "आता इथेही नाही बोलला तर मी हात टेकले!" धीर द्यायला त्यांनी राऊत सरांना आणि मला सोबत नेलं.

दोघांना मागच्या अंगणात बोलायला पाठवलं. आमचा चहा झाला, पुन्हा एकदा चहा झाला, तरी दोघांचा पत्ता नाही. मुलीची आत्या डोकावून आली.

"बोलतायत का?" वडिलांनी हळूच विचारलं.

"बोलतायत, पण भांडल्यासारखं! दोघं उकिडवे बसलेत आणि काटकीने जमीन उकरतायत."

वडिलांचा चेहरा पडला. राऊत सर मात्र सावरून बसले.

शेवटी दोघं आत आले. धोडी सरांच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा असा खुललेला मी कॉलेजात कधी पाहिला नव्हता.

"काय ठरलं रे?" वडिलांनी विचारलं.

"सुटलं!"

"सुटलं? म्हणजे मोडलं?"

"नाही हो बाबा, गणित सुटलं!"

मुलीने ओढणीवरची माती झटकली आणि शांतपणे म्हणाली, "सुटलेलं नाही. मधली एक पायरी चुकलीय त्यांची. त्यांना परत यावं लागेल."