पिवळं बटण

छावणीतल्या बॅडमिंटन हॉलमध्ये रोज सकाळी एक गृहस्थ येतात. नाव मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर रॅकेटची माहितीही ऐकावी लागली असती. खेळण्याआधी ते खिशातून टेनिसवाले वापरतात तसलं पिवळं रबरी बटण काढून रॅकेटच्या गटिंगमध्ये, तारांच्या जाळीत, खोचतात. मग रॅकेट कानाशी धरून, तंबोरा लावल्यासारखी, नखानं छेडतात.

"यानं कोपराला हादरा बसत नाय," असं एकदा मला म्हणाले.

हादरा बसायला शटल आधी गटिंगला लागावं लागतं. यांचं फ्रेमला लागतं, नाहीतर पायाशी पडतं.

परवा डबल्समध्ये हे माझ्या वाट्याला आले. समोर शहागंजचे दोन दुकानदार, ज्यांना मी आजवर कधी हरवलं नव्हतं. सामना अगदी शेवटच्या पॉइंटवर आला आणि एक उंच, सोपं शटल आलं. "छोडो, मेरा है!" असं ओरडून यांनी सगळा जीव लावून रॅकेट फिरवली. शटल यांच्याच टकलावर पडलं. बटण मात्र सुटून नेटवरून गेलं आणि पलीकडं बरोबर रेषेच्या आत पडलं. त्या सकाळी यांच्या रॅकेटवरून पलीकडं गेलेली ती एकमेव वस्तू.

मी कपाळावर हात मारला. हे नेटखालून वाकून गेले, बटण उचलून बनियनला पुसलं आणि म्हणाले, "बघितलं? हे नसतं तर लई हादरा बसला असता!"

खरंच होतं. हरल्याचा हादरा त्यांना तिळभरही बसला नव्हता. तो सगळा माझ्याकडं आला होता.